‘ड्रग’ : एक शब्द, अनेक अर्थ आणि आपली जबाबदारी

गेल्या पावसाळ्यात आमच्या चिकित्सालयात एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय साठीच्या पुढचे. रक्तदाबाची गोळी अनेक वर्षांपासून चालू आणि त्या गोळीवर रक्तदाब उत्तम ताब्यात. मात्र गेल्या काही आठवड्यांपासून घोट्यांवर सूज, पायांत गोळे, विलक्षण थकवा, आणि रक्तदाब औषधाला दाद देईनासा झालेला. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रीतसर प्रश्न विचारला होता, ‘एनी अदर ड्रग्ज?’ आणि बाईंनी प्रामाणिकपणे उत्तर दिले होते, ‘नो.’

आमच्याकडे इतिहास घेताना गोष्ट निराळ्या वाटेने बाहेर आली. ‘सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडात काय काय जाते ते सांगा,’ असे आम्ही म्हणालो. चहा, पोळी-भाजी, गोळी असे सांगत सांगत त्या ज्येष्ठमधाच्या चूर्णावर आल्या. घसा बसतो म्हणून दिवसातून दोन वेळा चमचाभर, सलग पाच महिने. ‘मग हे डॉक्टरांना का सांगितले नाही?’ या प्रश्नावर त्यांनी पिशवीतून डबीच काढून दाखविली. डबीच्या एका अंगास आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक होता. दुसऱ्या अंगास ठळक अक्षरांत ‘ड्रग-फ्री’ असे छापलेले होते. बाई म्हणाल्या, ‘ड्रग नाही असे लिहिले आहे ना, म्हणून नाही सांगितले.’

ज्येष्ठमध दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास शरीरात क्षार व पाणी साठते, पोटॅशियम उत्सर्जित होते आणि रक्तदाब चढतो, ही गोष्ट आता निर्विवाद आहे. बाईंच्या रक्ततपासणीत पोटॅशियम कमी निघाले. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून चूर्ण थांबविले, आवश्यक ते उपचार झाले, आणि काही आठवड्यांत सर्व पूर्ववत झाले. प्रसंग निभावला. परंतु तो गेल्यावर आम्ही स्वस्थ बसू शकलो नाही. कारण ‘यात ड्रग नाही, निर्धास्त घ्या’ हे वाक्य आम्ही स्वतः या खुर्चीवर बसून शेकडो वेळा उच्चारलेले आहे. डबीवर ते छापणाऱ्याला दोष देण्यापूर्वी आमच्या जिभेला दोष देणे प्राप्त होते.

चूक ज्येष्ठमधाची नव्हती, डॉक्टरांची नव्हती, बाईंचीही नव्हती. तीन माणसे एकच शब्द तीन अर्थांनी वापरीत होती. डॉक्टरांच्या मनात ‘ड्रग’ म्हणजे शरीरावर कार्य करणारे कोणतेही औषध. बाईंच्या मनात ‘ड्रग’ म्हणजे रासायनिक गोळी. आणि डबी छापणाऱ्याच्या मनात ‘ड्रग’ म्हणजे गिऱ्हाईक ज्याला भिते ते. म्हणून या एका इंग्रजी शब्दाची कुळकथा वैद्यबंधूंपुढे आणि औषधी व्यावसायिकांपुढे मांडावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती केवळ शब्दकोशाची करमणूक नाही, हे वरील प्रसंगावरून ध्यानात यावे.

सुकी पिंपे, सुकी द्रव्ये

‘ड्रग’ हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळतो. तो तेथे फ्रेंच भाषेतील ‘द्रोग’ या शब्दावरून आला, याविषयी कोशकारांत एकमत आहे. फ्रेंचमध्ये तो कोठून आला याविषयी मतभेद आहेत. तथापि सर्वांत अधिक मान्यता पावलेले मत असे की, त्याचे मूळ डच व उत्तर जर्मन बोलींतील ‘सुके’ या अर्थाच्या विशेषणात आहे. इंग्रजीतील ‘ड्राय’ हा त्याचाच भाऊबंद. व्यापारी ज्या पिंपांतून वाळविलेली मुळे, साली, बिया, डिंक भरून आणीत, त्यांना ‘सुकी पिंपे’ म्हणत. ऐकणाऱ्यांनी ‘सुकी’ हे पिंपाचे विशेषण न मानता आतल्या मालाचेच नाव मानले, आणि विशेषणाचे नाम झाले, अशी ही उपपत्ती आहे.

काष्ठौषधींच्या व्यापाऱ्यांना ही कथा विनासायास पटेल. आजही त्यांच्या गोदामात गेल्यावर पोत्यांतून, डब्यांतून जे दिसते ते हेच: सुकी मुळे, सुक्या साली, सुकी फळे. युरोपातील अधिकृत औषधसंहिता ‘वनस्पतिज ड्रग’ याची व्याख्या करताना ते बहुधा शुष्क स्वरूपात, क्वचित ताजे असते, असे आजही नमूद करते. जर्मनीत ‘द्रोगेरी’ नावाचे दुकान असते. परंतु तेथे साबण, दंतमंजन, प्रसाधने व घरगुती वस्तू मिळतात. खरी औषधे घ्यावयाची तर ‘अपोथेके’ नामक निराळ्या दुकानाची पायरी चढावी लागते. म्हणजे शब्दाच्या माहेराजवळच ‘द्रोगेरी’त औषध मिळत नाही!

येथे आपल्या शास्त्राशी एक मौजेची तुलना सुचते. पाश्चात्त्य व्यापारात द्रव्य म्हणजे मुळातच सुकलेले द्रव्य. आपल्याकडे शार्ङ्गधराने आर्द्र व शुष्क यांचा स्वतंत्र विचार केला. सामान्यतः नवीन द्रव्य घ्यावे, आर्द्र द्रव्य शुष्काच्या दुप्पट घ्यावे; परंतु गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा आदी द्रव्ये नेहमी आर्द्रच घ्यावीत आणि त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये; याउलट विडंग, पिप्पली, गूळ, धान्य, मध व तूप जुने घ्यावे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटी व अवलेह वर्षानंतर, तर आसव व रसकल्प जुने होतील तसे गुणाने वाढतात, हेही त्यानेच सांगितले. ज्यांच्या दुकानात दोन वर्षांपूर्वीचे चूर्ण मुदतीत आहे म्हणून विकले जाते, त्यांनी हे वचन कधीतरी आठवावे.

गोव्यात छापलेला शब्द

भारतात हा शब्द इंग्रजांच्या बरोबर आला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याचे पोर्तुगीज भावंड येथे कितीतरी आधी आले, आणि तेही आपल्या दाराशी. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला आणि १५६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ मध्ये गोव्यात त्याचा ग्रंथ छापला गेला. त्याच्या नावाचा आशय ‘भारतातील एकल द्रव्ये व द्रोगा यांविषयीची संभाषणे’ असा आहे. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी हा एक.

या ग्रंथातील ‘द्रोगा’ कोणत्या? कोरफडीचा बोळ आहे, बिब्बा आहे, हिंग, कापूर, अफू आणि भांग आहे. त्याचबरोबर हस्तिदंत आहे, हिरा आहे, आंबा आहे, नारळ आहे, विड्याचे पान आहे. आजच्या वाचकाला ही यादी विक्षिप्त वाटेल. परंतु सोळाव्या शतकातील युरोपीय व्यापाऱ्यास ती पूर्ण सुसंगत होती. कारण दूरदेशाहून गलबतात भरून येणारा, अल्प वजनाचा व मोठ्या मोलाचा माल, मग तो औषधाचा असो, मसाल्याचा असो, रंगाचा वा सुगंधाचा असो, एकाच पेढीत जाई. ओर्ताने मात्र एक गोष्ट केली. पूर्वीच्या ग्रीक व अरब ग्रंथकारांच्या ऐकीव माहितीवर न विसंबता त्याने द्रव्य डोळ्यांनी पाहिले, येथील वैद्यांना व व्यापाऱ्यांना विचारले, आणि मग लिहिले. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे निघाला आणि युरोपभर वाचला गेला.

तात्पर्य, व्यापारातील माल हा या शब्दाचा पहिला संसार होता; औषध हा त्यातील एक कप्पा. इंग्लंडातही औषधे विकणारे अपोथेकरी हे किराणा मालाच्या व्यापाऱ्यांच्या संघातच मोडत असत. १६१७ मध्ये राजाज्ञेने त्यांचा स्वतंत्र संघ झाला, तेव्हा कोठे औषध आणि किराणा यांची ताटातूट झाली.

औषधाला न मिळणे

व्यापारी जन्मामुळे या शब्दाला एक असा अर्थ चिकटला, जो आपल्याला नवल वाटावा असा आहे. सतराव्या शतकापासून इंग्रजीत ज्या मालाला उठाव नाही, जो बाजारात नुसता पडून आहे, त्याला ‘बाजारातले ड्रग’ म्हणू लागले. हा अर्थ मूळ औषधवाचक शब्दापासूनच निघाला की नाही, याचा वाद कोशकार घालतात. परंतु रूढी झाली ती झाली.

आता मराठीकडे पाहा. एखादी वस्तू अत्यंत दुर्मिळ असेल तर आपण म्हणतो, ‘ती औषधालासुद्धा मिळणार नाही.’ म्हणजे चिमूटभर, सहाणेवर उगाळण्यापुरतीसुद्धा नाही. इंग्रजाच्या वाक्प्रचारात ड्रग म्हणजे मुबलक असून नकोसे; आपल्या वाक्प्रचारात औषध म्हणजे थोडके असून मोलाचे. एका बाजूला गोदाम आहे, दुसऱ्या बाजूला आजीच्या बटव्यातील वेखंडाचा तुकडा आहे. ‘औषधावाचून खोकला गेला’, ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणींतही औषध म्हणजे नेमका उपाय. दोन्ही समाजांनी वस्तू तीच पाहिली, पण पाहण्याची जागा वेगळी होती. शब्दांचे भाषांतर करताना ही जागा भाषांतरित होत नाही, हे लक्षात ठेवावे.

एकाच सुमारास दोन अर्थ

आज सर्वसामान्य मराठी माणसाला ‘ड्रग्ज’ हा शब्द वर्तमानपत्राने शिकविला आहे. ‘इतक्या किलोचे ड्रग्ज जप्त’ असे मथळे तो रोज वाचतो. मादक पदार्थ हा अर्थ मात्र शब्दाच्या आयुष्यात पुष्कळ उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. अफू, मॉर्फिन व कोकेन ही तोवर औषधविक्रेत्याच्या फळीवरच असत. जी द्रव्ये औषध म्हणून घरात आली आणि व्यसन होऊन राहिली, त्यांनी आपल्या बरोबर शब्दालाही ओढत नेले. अमेरिकेत १९०६ च्या अन्न व औषधविषयक कायद्यात ‘ड्रग’ म्हणजे औषध होते. त्याच देशात १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ‘ड्रग’च्या गैरवापराविरुद्ध मोहीम पुकारली, तेव्हा तो शब्द ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे औषधाची बाटली उभी राहत नव्हती.

हे संक्रमण भारतात ज्या काळी चालू होते, त्याची एक सुंदर खूण उपलब्ध आहे. मुंबईत कार्य केलेले विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्यासह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध केला. त्याच्या उपशीर्षकात ‘ड्रग्ज’ हा शब्द असून तेथे त्याचा अर्थ वनस्पतिज औषधिद्रव्ये असा आहे. द्रव्यगुणाच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आजही उपयोगी पडतो. त्याचा शेवटचा खंड निघाला त्याच वर्षी, १८९३ मध्ये, सरकारने भांग, गांजा व चरस यांच्या सेवनाची चौकशी करण्यास आयोग नेमला. त्याचे नाव ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’. एकाच सरकारच्या अमलात, एकाच सुमारास, एका ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘ड्रग’ म्हणजे उपाय आणि दुसऱ्या अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘ड्रग’ म्हणजे नशा.

आपल्या राजभाषेतही या दुहेरी वारशाची छाया पडली आहे. १९८५ च्या मादक पदार्थविषयक केंद्रीय कायद्याच्या मराठी नावात ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये’ असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्यातही शेवटी ‘औषधी’ हा शब्द येतोच! त्याच कायद्याने शेंड्यांविरहित अशी भांगेची पाने व बी यांना ‘गांजा’च्या व्याख्येतून वगळले आहे, म्हणून विजयायुक्त कल्पांचा विचार करताना कोणता भाग वापरला, हा प्रश्न केवळ शास्त्राचा न राहता कायद्याचाही होतो.

आमच्या परिचयातील एका औषधनिर्मात्यांनी सांगितलेला किस्सा येथे नमूद करण्याजोगा आहे. शाळेत ‘ड्रग्जना नाही म्हणा’ असे फलक रंगवून आलेला त्यांचा नातू कार्यालयात आला आणि भिंतीवर चौकटीत लावलेले ‘ड्रग लायसन्स’ वाचून गंभीर झाला. ‘आजोबा, तुम्हाला सरकारने परवानगी कशी दिली?’ असे त्याने विचारले. सर्वजण हसले. पण मुलाचा प्रश्न निरर्थक नव्हता.

कायद्याच्या नजरेतून

मग कायदा ‘ड्रग’ कशाला म्हणतो? कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समिती १९३० मध्ये नेमली गेली. बाजारातील भेसळ व बनावट औषधांचा सुळसुळाट तिने उघड केला आणि त्यातूनच पुढे औषधे व सौंदर्यप्रसाधनांविषयीचा १९४० चा कायदा झाला. त्यातील ‘ड्रग’ची व्याख्या फार विस्तृत आहे. रोगाचे निदान, उपचार, उपशम वा प्रतिबंध यांसाठी माणसाने अथवा जनावराने आत किंवा बाहेरून वापरावयाची सर्व औषधे तीत येतात. शिवाय डास पळवून लावण्यासाठी अंगाला लावावयाचे मलम येते, आणि जिलेटिनची रिकामी कॅप्सूलसुद्धा येते. ज्या कॅप्सूलमध्ये अद्याप काहीही भरलेले नाही ती ‘ड्रग’, आणि भल्लातकाचा पाक मात्र ‘ड्रग-फ्री’, असे म्हणणे किती हास्यास्पद आहे, हे सांगणे नलगे.

आयुर्वेद व युनानी औषधांचे स्वतंत्र प्रकरण या कायद्यात १९६४ च्या दुरुस्तीने आले. पहिल्या अनुसूचीतील प्रमाणभूत ग्रंथांतील पाठांनुसार तयार केलेले औषध ते ‘आयुर्वेदीय ड्रग’, अशी व्याख्या झाली. ही गोष्ट आपल्याला जाचक वाटते. परंतु तिचा दुसरा अर्थही पाहावा. चरक, सुश्रुत, वाग्भट, शार्ङ्गधर, भावप्रकाश यांचे पाठ राष्ट्राच्या कायद्याने औषधाचे प्रमाण म्हणून स्वीकारले, हा त्या शब्दाने आपल्याला दिलेला सन्मान आहे. त्याच कायद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी स्वहस्ते औषध तयार करणाऱ्या वैद्याला निर्मितीच्या परवान्यातून सूट दिली, हाही त्या सन्मानाचाच भाग.

सन्मानाबरोबर बंधने आली. अहिफेन, वत्सनाभ, विषमुष्टि, भल्लातक, धत्तूर, जयपाल, पारद, हरताळ, मनःशिला यांसारखी द्रव्ये ‘इ-१’ अनुसूचीत विषारी म्हणून नमूद आहेत, आणि ती असलेल्या कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे आवश्यक आहे. ‘टी’ अनुसूचीने निर्मितीशाळेची शिस्त घालून दिली. ज्या व्यवसायाने ही सर्व बंधने स्वीकारून परवाना भिंतीवर लावला आहे, त्याने आपल्याच डबीवर ‘यात ड्रग नाही’ असे छापावे, म्हणजे परवाना हातात घेऊन परवान्याचा विषयच नाकारण्यासारखे आहे.

औषधी दुकानदारांना ठाऊक असेलच की, ऍलोपॅथिक औषधांच्या विक्रीचे नियम दुकानाच्या फलकावरील शब्दांतही भेद करतात. नोंदणीकृत औषधनिर्माता ज्याला ठेवावा लागत नाही ते ‘ड्रगस्टोअर’. जेथे तो आहे पण औषधे मिसळून तयार केली जात नाहीत ते ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’. आणि जेथे ती तयार होतात ते ‘फार्मसी’. आपल्या औषधांच्या विक्रीला असा स्वतंत्र परवाना लागत नाही, निर्मितीला लागतो. म्हणूनच आपल्या फळीवरील डबीसंबंधी गिऱ्हाइकाला खरे सांगण्याची जबाबदारी कायद्यापेक्षा दुकानदाराच्या सचोटीवर अधिक अवलंबून आहे.

आपले शब्द

‘ड्रग’ या एका शब्दाने आपल्या कोणत्या संज्ञेचे भाषांतर होते? द्रव्य, औषध, भेषज, कल्प, योग या सर्वांचेच आपण करून टाकतो. फळपाकानंतर जी सुकून जाते ती ओषधि, आणि तिच्यापासून झालेले ते औषध. भेषज हा शब्द भिषक् या शब्दाशी जोडलेला आहे. त्यात द्रव्यापेक्षा वैद्य अधिक आहे. काश्यपसंहितेने तर दीपनादी कर्म करणारा द्रव्यांचा योग तो औषध, आणि होम, व्रत, तप इत्यादी ते भेषज, असा भेदच केला. चरकाने चिकित्सास्थानाच्या आरंभी औषधाचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत पथ्य, प्रायश्चित्त, प्रकृतिस्थापन, हित असे शब्द आहेत. विमानस्थानात तर द्रव्यभूत व अद्रव्यभूत असे भेषजाचे दोन प्रकारच त्याने सांगितले. हर्ष, भय, निद्रा, संवाहन यांसारखे उपाय दुसऱ्या प्रकारात येतात. ‘ड्रग’ या शब्दाच्या सुक्या पिंपात यांपैकी द्रव्यभूत तेवढे मावते. बाकीचे बाहेर राहते.

परंतु एका बाबतीत आपली परंपरा आणि पाश्चात्त्य परंपरा यांचे सूर विलक्षण जुळतात. ‘फार्मसी’ हा शब्द ज्या ग्रीक ‘फार्माकोन’पासून आला, त्याचे औषध, विष आणि मंतरलेली वस्तू असे तिन्ही अर्थ होत. चरक सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावतो की, न जाणलेले औषध हे विष, शस्त्र, अग्नी आणि वीज यांच्यासारखे आहे, आणि नीट जाणलेले तेच अमृतासारखे. पुढे तो असेही म्हणतो की, जगात औषध नाही असे द्रव्यच नाही. मात्र युक्ती आणि प्रयोजन पाहून. या वचनाचा पहिला अर्धा भाग आपण जाहिरातीत वापरतो आणि दुसरा सोडून देतो. जे द्रव्य कार्य करते ते अपकार्यही करू शकते. ‘साइड इफेक्ट मुळीच नाही’ असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा आपण नकळत ‘इफेक्टही नाही’ असे कबूल करीत असतो. वीर्यवान औषधाच्या वैद्याला हे शोभत नाही.

काय करावे?

शब्द बदलणे आपल्या हाती नाही. तो कसा वापरावा हे आहे. आमच्या मते पुढील गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट वैद्यांसाठी. रुग्णाला ‘कोणते ड्रग चालू आहे?’ असे कदापि विचारू नये. ‘औषध’ हा शब्दही पुरेसा नाही. ‘काढा, चूर्ण, पावडर, चहात टाकलेले काही, शेजाऱ्यांनी सुचविलेले काही, दूरचित्रवाणीवर पाहून आणलेले काही घेता का?’ असे मोडून विचारावे. आणि आपण जे देतो ते रुग्णाने आपल्या इतर डॉक्टरांना सांगावे म्हणून द्रव्याचे नाव, मात्रा व कालावधी कागदावर लिहून द्यावा. ज्येष्ठमधासारखे सौम्य द्रव्यसुद्धा किती दिवस घ्यावयाचे, हे न सांगता देऊ नये.

दुसरी गोष्ट निर्मात्यांसाठी. ‘ड्रग-फ्री’, ‘नो ड्रग्ज’, ‘केमिकलविरहित’ हे शब्द वेष्टनावरून काढून टाकावेत. त्यांच्या जागी मात्रा, कालमर्यादा आणि ‘रक्तदाब, मधुमेह, गर्भावस्था असल्यास वैद्यास विचारावे’ ही ओळ छापावी. तेवढीच शाई लागेल.

तिसरी गोष्ट दुकानदारांसाठी. फळीवरची डबी देताना ‘याला काही होत नाही हो’ असे म्हणणे सोडावे. ‘आधी कोणती गोळी चालू आहे का?’ एवढा एक प्रश्न पुरे.

चौथी गोष्ट सर्वांसाठी. आयुष औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा आज अस्तित्वात आहे. तिचे समन्वयन नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाकडून होते. संशयित प्रसंग तिच्याकडे कळविल्याने शास्त्राची बेअब्रू होते, ही भीती अनाठायी आहे. लपविल्याने होते. आम्ही आमच्या शिक्षिकाबाईंच्या प्रसंगाची नोंद पाठविली. ती पाठविताना लेखणी थोडी अडखळली, हे प्रांजळपणे सांगतो.

त्या बाई महिन्याभराने पुन्हा आल्या. घसा पुन्हा बसला होता. आम्ही ज्येष्ठमध दिले नाही. गुळण्या, बोलण्याला विश्रांती आणि रात्री थंड पाणी वर्ज्य, एवढेच सांगितले. त्या निराश होऊन म्हणाल्या, ‘म्हणजे औषध काहीच नाही?’ आम्ही त्यांना चरकाने दिलेल्या पर्यायांपैकी एक शब्द सांगितला: पथ्य. हेही औषधच आहे, आणि याचीही मात्रा पाळावी लागते.

त्यांनी ती पाळली. दहा दिवसांनी दूरध्वनीवर त्यांचा आवाज स्वच्छ होता.